गाडीतील स्पीकर मध्येच का बंद पडतो? दोष शोधण्याचा क्रम

गाडीतील एखादा स्पीकर कायमचा मूक झाला, तर त्याचे निदान तुलनेने सोपे असते. खरी पंचाईत होते ती चालू-बंद होणाऱ्या स्पीकरमुळे. चोर्ला घाटातील वळणांवर तो चार वेळा गप्प होतो आणि गाडी गॅरेजच्या दारात उभी करताच निर्दोष वाजू लागतो. दोष डोळ्यांसमोर घडत नसल्याने कारागीर अंदाजाने एखादा भाग बदलतो. काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. अशा रीतीने आधी नवा स्पीकर, मग नवा स्टिरिओ आणि शेवटी नवा ॲम्प्लिफायर असा खर्च वाढत जातो. मूळ दोष मात्र दारातील एका अर्धवट तुटलेल्या तारेत तसाच राहिलेला असतो.

मधूनमधून खंडित होणारा आवाज हे बहुतेक वेळा सैल, तुटक्या किंवा ओलाव्याने खराब झालेल्या जोडणीचे लक्षण असते. म्हणून भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, हे ठरवणे आवश्यक आहे. पुढील क्रमात आधी कोणतेही हत्यार न लागणाऱ्या चाचण्या दिल्या आहेत आणि त्यानंतर मल्टिमीटर, दीड व्होल्टचा पेन्सिल सेल व पाना-स्क्रूड्रायव्हर लागणाऱ्या चाचण्या. हा क्रम मोडू नये. पहिल्या दोन पायऱ्यांवरच दोषाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते.

ध्वनीचा मार्ग

मोबाइल, यूएसबी किंवा रेडिओ यांपैकी एका स्रोताकडून आलेला संकेत स्टिरिओमध्ये पोहोचतो. स्टिरिओतील अंतर्गत ॲम्प्लिफायर तो वाढवतो. तेथून प्रत्येक स्पीकरसाठी दोन स्वतंत्र तारा निघतात, एक धन आणि एक ऋण. या तारा डॅशबोर्डमागील कपलरमधून बाहेर पडतात, गाडीच्या कडेने दारापर्यंत जातात, बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दारात शिरतात आणि स्पीकरच्या दोन पिनांना जोडल्या जातात. स्पीकरच्या आत या पिनांपासून अतिशय लवचीक अशा दोन वेणीदार तारा निघतात आणि त्या पडद्याला चिकटवलेल्या वॉइस कॉइलला जोडलेल्या असतात. कॉइलमधून विद्युतप्रवाह वाहिला की ती चुंबकाच्या क्षेत्रात पुढे-मागे हलते, तिच्याबरोबर पडदा हलतो आणि आपल्याला ध्वनी ऐकू येतो.

एका स्पीकरच्या वाटेवर असे अनेक सांधे असतात. त्यांपैकी कोणताही एक सैल असला तरी परिणाम एकच दिसतो: आवाज जातो आणि परत येतो. निदानाचे मूलभूत सूत्र यातूनच मिळते. सगळे स्पीकर एकाच वेळी गप्प होत असतील, तर दोष सर्वांना सामायिक असलेल्या भागात, म्हणजे स्रोत, स्टिरिओ, वीजपुरवठा, अर्थिंग किंवा ॲम्प्लिफायरमध्ये शोधावा. एकच स्पीकर गप्प होत असेल, तर त्या स्पीकरच्या स्वतःच्या वाटेवर शोधावा.

पहिली पायरी : नोंद ठेवणे

दोन-तीन दिवस गाडी चालवताना दोष केव्हा येतो याचे निरीक्षण करावे आणि गाडी थांबल्यावर त्याची नोंद करावी. शक्यतो हे काम शेजारी बसलेल्या व्यक्तीवर सोपवावे. वाहन चालवताना स्टिरिओच्या बटणांशी खेळणे धोक्याचे आहे. पुढील लक्षणे विशेष बोलकी असतात.

• खड्ड्यावर किंवा गतिरोधकावर आवाज जातो : सैल कपलर, सुटलेली पिन किंवा तुटण्याच्या बेतात असलेली तार.

• दार उघडता-मिटताना आवाज जातो किंवा परत येतो : बिजागरीजवळच्या रबरी नळीतील तार आतून तुटलेली असणे.

• दार आपटून लावल्यावर स्पीकर पुन्हा सुरू होतो : स्पीकरच्या पिनेवरील सैल जोडणी किंवा स्पीकरच्या आतील वेणीदार तार.

• काच खाली घेतल्यावर आवाज जातो : दारातील तार काचेच्या यंत्रणेत अडकणे किंवा तिच्यावर घासणे.

• आवाज वाढवल्यावर, विशेषतः ठेक्याबरोबर सर्व स्पीकर बंद होतात : अपुरा वीजपुरवठा, खराब अर्थिंग किंवा ॲम्प्लिफायरने स्वसंरक्षणासाठी घेतलेली विश्रांती.

• अर्धा-पाऊण तास वाजल्यानंतर आवाज जातो आणि थंड झाल्यावर येतो : ॲम्प्लिफायर तापणे, स्टिरिओतील तडकलेला सोल्डरचा सांधा किंवा तापल्यावर तुटणारी वॉइस कॉइल.

• पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर आवाज जातो : दारात शिरलेले पाणी आणि ओली जोडणी.

• इंजिन सुरू करताना क्षणभर आवाज जातो : बहुतेक गाड्यांमध्ये हे सामान्य आहे. स्टार्टरला वीज मिळावी म्हणून इतर उपकरणांचा पुरवठा तेवढ्यापुरता तोडला जातो.

दुसरी पायरी : स्रोत आणि दिशा तपासणे

पहिली शंका स्पीकरवर घेण्याऐवजी स्रोतावर घ्यावी. ब्लूटूथवरून गाणे लावले असता आवाज तुटत असेल, तर तेच गाणे यूएसबीवरून लावून पाहावे आणि नंतर रेडिओ लावावा. केवळ ब्लूटूथवरच दोष येत असेल, तर तो मोबाइलच्या बॅटरी-बचतीच्या सेटिंगमुळे, एकाच वेळी दोन मोबाइल जोडले गेल्यामुळे किंवा इंटरनेटच्या खंडित जोडणीमुळे येत असण्याची शक्यता आहे. घाटात आणि डोंगरांच्या आडोशाला एफएमचा आवाज तुटणे हेही लहरींच्या अडथळ्यामुळे घडते. त्याचा स्पीकरशी संबंध नसतो. तिन्ही स्रोतांवर दोष सारखाच येत असेल, तरच पुढे जावे.

यानंतर स्टिरिओतील बॅलन्स आणि फेडर ही दोन नियंत्रणे वापरावीत. बॅलन्समुळे आवाज डावी-उजवीकडे आणि फेडरमुळे पुढे-मागे सरकवता येतो. दोन्ही नियंत्रणे टोकाला नेऊन एका वेळी एकच स्पीकर वाजता ठेवावा आणि प्रत्येकाला काही मिनिटे द्यावीत. गाडी उभी असताना, स्पीकर मध्यम आवाजात वाजत असताना, दार हळूहळू उघडावे आणि मिटावे, काच वर-खाली करावी आणि दाराच्या आतील आवरणावर, म्हणजे डोअर पॅडवर, हाताने हलक्या थापा माराव्यात. ज्या कृतीने आवाज तुटतो, ती कृतीच दोषाची जागा दाखवते. या चाचणीला एक पैसाही लागत नाही आणि तरीही ती सर्वांत अधिक वेळा टाळली जाते.

दार, पाणी आणि खारी हवा

गाडीचे दार आतून कोरडे असते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात काचेच्या कडेच्या रबरी पट्टीतून पावसाचे काही पाणी दारात उतरणार, हे गृहीत धरूनच दाराची रचना केलेली असते. ते पाणी दाराच्या तळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. डोअर पॅडच्या मागे प्लास्टिकचा किंवा फोमचा एक पडदा चिकटवलेला असतो आणि तो हे पाणी गाडीत येऊ देत नाही. स्पीकरची मागील बाजू मात्र दाराच्या या ओल्या कप्प्यातच असते.

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यात समुद्रकाठची खारी हवा मिसळली की तांब्याच्या तारांवर आणि पिनांवर हिरवट-पांढरा थर चढू लागतो. हा थर विजेला अडथळा करतो. जोडणी वरवर घट्ट दिसते, पण आत धातूला धातू टेकत नाही. कंपनाने थर थोडा सरकला की आवाज येतो आणि पुन्हा सरकला की जातो.

डोअर पॅड काढल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दाराच्या तळाची छिद्रे चिखलाने किंवा पानांच्या कचऱ्याने बुजली आहेत का. बुजली असल्यास प्लास्टिकच्या काडीने ती मोकळी करावीत. लोखंडी तारेने रंग खरवडला जाऊन पत्रा गंजतो. दुसरी, पूर्वी स्पीकर बसवताना प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडला आहे का. तसे असल्यास पडदा पुन्हा चिकटवावा किंवा नवा लावावा. तिसरी, स्पीकरकडे येणारी तार वरून थेट पिनेवर उतरते का. तशी ती असेल, तर तारेवरून ओघळणारे पाणी नेमके जोडणीवर जाते. तारेला पिनेच्या खाली थोडा झोळ देऊन मग ती वर आणावी, म्हणजे पाण्याचा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो.

रबरी नळीतील तुटलेली तार

दार दिवसातून कितीतरी वेळा उघडते आणि मिटते. प्रत्येक वेळी बिजागरीजवळच्या नळीतील तारा वाकतात. कालांतराने आतील तांब्याचे बारीक धागे एकामागून एक तुटतात, पण वरचे प्लास्टिकचे आवरण शाबूत राहते. त्यामुळे तार बाहेरून धडधाकट दिसते. चालकाच्या बाजूचे दार सर्वाधिक वेळा उघडले जात असल्याने तेथे हा दोष अधिक आढळतो. मागे डिकीच्या झाकणातून तारा जात असतील, तर तेथेही हेच घडते.

नळीची एक बाजू हलकेच सोडवून आतील तारा एकेक करून बोटांच्या चिमटीत हळुवार ताणाव्यात. आतून तुटलेली तार त्या जागी रबरासारखी लांबते किंवा विशेष मऊ लागते. त्याच नळीतून काच, कुलूप आणि आरसा यांच्याही तारा जातात. स्पीकरबरोबर काचेचे बटणही अधूनमधून काम करत नसेल, तर दोष नळीतच असल्याची शक्यता बळावते. काही गाड्यांत नळीच्या टोकाशी दाराच्या खांबावर मोठा कपलर असतो. तेथे पाणी शिरले आहे का, हेही पाहून घ्यावे.

उंदरांचा उपद्रव हे तारा तुटण्याचे आणखी एक कारण आहे. गाडी झाडाखाली किंवा भाताच्या कोठाराजवळ उभी राहत असेल आणि विशेषतः ती फारशी वापरात नसेल, तर गालिच्याखाली व डॅशबोर्डमागे कुरतडल्याच्या खुणा शोधाव्यात.

स्पीकरची परीक्षा

दारातील तारा ठीक असतील, तर स्पीकर तपासावा. त्याआधी त्याच्या दोन्ही तारा सोडवाव्यात. स्टिरिओला जोडलेल्या स्थितीत पुढील कोणतीही चाचणी करू नये.

मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत खालच्या श्रेणीवर ठेवावा. त्याची दोन टोके आधी एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवावा आणि नंतरच्या मोजमापातून तो वजा करावा. गाडीतील बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात आणि अशा स्पीकरच्या पिनांवर साधारण ३ ते ४ ओहमचा आकडा दिसतो. आकडा अजिबात येत नसेल, तर कॉइल किंवा वेणीदार तार तुटली आहे. आकडा १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल, तर कॉइलची वेटोळी आपसांत चिकटली आहेत. चालू-बंद होणाऱ्या दोषासाठी महत्त्वाचे निरीक्षण पुढे आहे: मीटर जोडलेला ठेवून पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी समान दाब देत अलगद आत ढकलावा आणि सोडावा. पडदा हलताना आकडा थोडाफार बदलतोच, पण तो पूर्णपणे नाहीसा होऊन परत येत असेल, तर दोष स्पीकरच्या आतच आहे.

पडदा ढकलताना खरखर जाणवली, तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासत आहे. त्याचे कारण जास्त तापून वाकलेली कॉइल किंवा आत शिरलेली माती व गंज हे असू शकते. असा स्पीकर दुरुस्त करण्यापेक्षा बदललेला बरा.

मल्टिमीटर नसल्यास दीड व्होल्टचा पेन्सिल सेल उपयोगी पडतो. सेलच्या दोन टोकांना तारा लावून त्या स्पीकरच्या पिनांना क्षणभरच टेकवाव्यात. टक् असा आवाज येऊन पडदा हलला, तर कॉइल अखंड आहे. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन पिनेला असेल, तर पडदा सामान्यतः बाहेरच्या दिशेने येतो. १२ व्होल्टच्या बॅटरीने ही चाचणी कधीही करू नये; कॉइल जळू शकते.

येथे एक फसवी बाब ध्यानात ठेवावी. वेगळ्या बसवलेल्या लहान ट्वीटरच्या तारेत बहुधा एक कपॅसिटर असतो आणि तो खालचे स्वर अडवतो. मल्टिमीटरमधून येणारा एकदिश प्रवाहही तो अडवतो. म्हणून कपॅसिटरसह मोजल्यास चांगला ट्वीटरही तुटलेला भासतो. मोजमाप कपॅसिटरच्या पुढे, थेट ट्वीटरच्या पिनांवर घ्यावे.

स्टिरिओमागील जोडणी

स्पीकर निर्दोष ठरला, तर स्टिरिओ बाहेर काढून मागील कपलर पाहावा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंच्या तारांचे रंग ठरलेले असतात. पांढरा पुढच्या डाव्या स्पीकरसाठी, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवा मागच्या डाव्या आणि जांभळा मागच्या उजव्या स्पीकरसाठी असतो. त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार त्या स्पीकरची ऋण तार असते. पिवळी तार बॅटरीकडून कायम वीज आणते, तांबडी चावी फिरवल्यावर वीज देते आणि काळी अर्थिंगसाठी असते. गाडीबरोबर आलेल्या मूळ स्टिरिओंचे रंग मात्र निर्मात्यानुसार बदलतात. तेथे या यादीवर विसंबू नये.

स्टिरिओ बंद करून आणि कपलर सोडवून स्पीकरच्या तारांकडील बाजूवर ओहम मोजावेत. ४ ओहमच्या स्पीकरसाठी येथेही जवळपास तोच आकडा यायला हवा. मीटर जोडलेला असतानाच सहकाऱ्याला दार उघडायला-मिटायला सांगावे. आकडा उड्या मारू लागला, तर तार तुटकी आहे. यानंतर मीटरचे एक टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला आणि दुसरे स्पीकरच्या प्रत्येक तारेला लावावे. येथे आकडा येता कामा नये. आला, तर ती तार कोठेतरी सोलली जाऊन पत्र्याला टेकत आहे.

पत्र्याला टेकणारी तार ही गंभीर बाब आहे. आधुनिक स्टिरिओमध्ये स्पीकरची ऋण तार अर्थिंगला जोडलेली नसते. दोन्ही तारांवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे ६ ते ७ व्होल्टचा दाब असतो. त्यांपैकी एक जरी पत्र्याला टेकली, तरी ॲम्प्लिफायरची संरक्षक यंत्रणा सर्व स्पीकर बंद करते. यामुळे एका दारातील सोललेली तार चारही स्पीकर गप्प करू शकते. एकेक स्पीकरच्या तारा सोडवत गेल्यास दोषी वाट सापडते. ती सोडवताच उरलेले स्पीकर सुरळीत वाजू लागतात.

दोष स्टिरिओत आहे की पुढे, याचा निर्णय अदलाबदलीने होतो. डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारा स्टिरिओजवळ तात्पुरत्या बदलून जोडाव्यात. दोष दुसऱ्या बाजूला सरकला, तर तो स्टिरिओत आहे. तो मूळच्याच बाजूला राहिला, तर तार किंवा स्पीकर दोषी आहे. नवा भाग विकत घेण्यापूर्वी ही चाचणी अवश्य करावी.

स्वतंत्र ॲम्प्लिफायर असल्यास

डिकीत किंवा आसनाखाली स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसवला असेल, तर सर्व स्पीकर एकदम बंद होण्याचे कारण बहुधा त्याच्या वीजपुरवठ्यात सापडते. आवाज गेल्याक्षणी त्यावरील दिवा पाहावा. दिवा पूर्ण विझला असेल, तर वीज किंवा स्टिरिओकडून येणारी निळी-पांढरी चालू करणारी तार तुटत आहे. तांबडा किंवा संरक्षणाचा दिवा लागला असेल, तर ॲम्प्लिफायरने अतिउष्णता, कमी व्होल्टेज किंवा शॉर्टसर्किटमुळे स्वतःला थांबवले आहे.

इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. हेच मोजमाप ॲम्प्लिफायरच्या पिनांवर संगीत मोठ्याने वाजत असताना घ्यावे. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि ॲम्प्लिफायरवर ठेक्यागणिक ११ व्होल्ट असे दिसले, तर मधली वाट वीज गिळत आहे. अर्थिंगच्या सांध्यात केवळ ०.१ ओहम अडथळा असला आणि २० अँपिअर प्रवाह वाहिला, तर तेथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. रंगावर कसलेला अर्थिंगचा स्क्रू हे याचे नेहमीचे कारण आहे. त्या जागेचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा, तारेला योग्य मापाचे थिंबल दाबून बसवावे, बोल्टने घट्ट आवळावे आणि वरून गंजरोधक लेप द्यावा. अर्थिंगची तार वीज आणणाऱ्या तारेइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड असावी.

स्पीकरची संख्या वाढवल्यानेही असाच दोष उद्भवतो. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहम होतो आणि प्रवाह वाढतो. ॲम्प्लिफायर २ ओहमसाठी बनवलेला नसेल, तर तो तापून बंद पडतो. गालिच्याखाली किंवा सामानाखाली दडपलेल्या ॲम्प्लिफायरला हवा मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

जाहिरातीतील वॅट आणि प्रत्यक्ष शक्ती यांतील अंतरही समजून घेतले पाहिजे. स्वतंत्र ॲम्प्लिफायर नसलेल्या स्टिरिओच्या खोक्यावर प्रत्येक स्पीकरसाठी ५० वॅट लिहिलेले असते. १४.४ व्होल्टच्या पुरवठ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ ध्वनीसाठी सैद्धांतिकदृष्ट्याही सुमारे २६ वॅटपेक्षा अधिक शक्ती देता येत नाही. त्यापुढे आवाज वाढवल्यास ध्वनी फाटतो, कॉइल तापते आणि तिचे सांधे कमकुवत होतात. आवाज फाटू लागला की तो कमी करणे, हाच स्पीकरचे आयुष्य वाढवण्याचा उपाय आहे.

सांधा टिकाऊ कसा करावा

दोष सापडल्यावर दुरुस्ती कशी केली, यावर तो परत येतो की नाही हे ठरते. तारा पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत सर्वत्र दिसते. पण उन्हात तापलेल्या गाडीत टेपचा चिकटपणा सुटतो आणि पिळलेले धागे कंपनाने मोकळे होतात. तार काळी किंवा हिरवी पडली असेल, तर चकचकीत तांबे दिसेपर्यंत ती मागे कापावी. सांधा योग्य पक्कडीने दाबलेल्या स्लीव्हने किंवा सोल्डरने करावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. रबरी नळीच्या आत, जेथे तार वाकते, तेथे सांधा करू नये. तुटका भाग दोन्ही बाजूंनी ओलांडून जाणारा नवा लवचीक तुकडा टाकावा आणि सांधे स्थिर जागी आणावेत. पिनांवरील थर कॉन्टॅक्ट क्लीनरने काढावा आणि सैल पिन किंचित दाबून घट्ट करावी.

सावधगिरी

तारांना हात लावण्यापूर्वी गाडी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. काही गाड्यांत त्यानंतर स्टिरिओ सुरू करताना कोड विचारला जातो. तो आधी हाताशी ठेवावा. पिवळ्या आवरणातील किंवा पिवळ्या कपलरच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नये, त्या सोडवू नयेत आणि त्यांच्याजवळ सोल्डरही करू नये. फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याजागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या मुख्य तारेवर बॅटरीच्या निकट फ्यूज असलाच पाहिजे. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर मूळ तारा कापू नयेत. त्या गाडीसाठी मिळणारा जुळणी-कपलर वापरावा किंवा काम अधिकृत सेवा केंद्राकडे द्यावे.

कारागिराकडे जाताना

स्टिरिओतील तडकलेले सांधे, नळीतील अनेक तुटलेल्या तारा किंवा एअरबॅगच्या शेजारचे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. मात्र त्याला केवळ ‘स्पीकर मध्येच बंद होतो’ इतकेच सांगू नये. कोणता स्पीकर, कोणत्या स्रोतावर, गाडी चालू की उभी, कोरड्या हवेत की पावसात, दार-काच-खड्डा यांपैकी कशाने आणि किती वेळाने, ही सहा उत्तरे लिहून द्यावीत. शक्य असल्यास दोष घडत असताना शेजारच्या व्यक्तीने काढलेली ध्वनिचित्रफीत दाखवावी. बदललेला जुना भाग परत मागावा आणि दुरुस्ती कोठे केली, हे डोअर पॅड पुन्हा बसवण्यापूर्वी पाहून घ्यावे.

दरवर्षी पावसाळ्याआधी दाराची छिद्रे मोकळी करणे, काचेच्या पट्ट्या तपासणे आणि अर्थिंगचा बोल्ट पाहणे, एवढी देखभाल ठेवली तर स्पीकर गप्प होण्याचे प्रसंग पुष्कळ कमी होतात. दारे नवी असताना ज्या जोडण्या वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात, त्या कोरड्या आणि घट्ट राहिल्या तर पुढेही चालतात.